प्रिंटर घ्यायला निघाले आणि आधी वही घेतली

मी मुद्रितशोधनाची कामं करते, म्हणजे लोकांची पुस्तकं छापायला जायच्या आधी त्यातल्या चुका शोधते, आणि हे काम मला स्क्रीनवर जमत नाही. सगळं करून झालं, टॅबलेट झाला, मोठा मॉनिटर झाला, पण कागद आणि लाल पेन घेऊन बसलं की ज्या चुका दिसतात त्या स्क्रीनवर माझ्या डोळ्यांना दिसतच नाहीत, त्याला आता काय करणार. त्यामुळे घरात प्रिंटर हवाच. होताही. साधा इंकजेट, छोट्या कार्ट्रिजवाला, सात वर्षं जुना, कधी चालायचा कधी रुसायचा.

त्या रात्री साडेअकरा वाजता मी २१२ पानांचं प्रूफ काढायला बसले. प्रिंटर त्याआधी तीनेक आठवडे बंदच होता. पहिलं पान आलं आणि बघते तर त्यात आडव्या पांढऱ्या रेघा. बारीक, केसाएवढ्या, पण ठरावीक अंतरावर, त्यामुळे दर दोनतीन ओळींमागे एखादी ओळ अशी यायची की तिची शिरोरेषाच गायब. इंग्रजी मजकूर असता तर कदाचित चाललंही असतं हो. पण मराठीत शिरोरेषा गेली की घ आणि ध, भ आणि म सख्खे भाऊ दिसायला लागतात. 'घर' आहे का 'धर', 'भार' आहे का 'मार', हे बघायला मी दर ओळीला स्क्रीनकडे मान वळवत होते, मग प्रिंट कशाला काढली होती?

मग नेहमीचं. हेड क्लीनिंग लावलं, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, हेड, प्रिंटरने स्वतःच साफ करायचा. मशीन दोन मिनिटं घरघरलं, खाकरलं. नोझल, म्हणजे हेडमधली शाईची बारीक भोकं, चालू आहेत का बघायचं नोझल चेकचं पान काढलं. ज्यांनी हे पान बघितलंय त्यांना माहीत असेल, चार रंगांत छोट्या छोट्या रेघांच्या पायऱ्या असतात, प्रत्येक रेघ म्हणजे एका नोझलचं काम, आणि जिथे पायरी तुटलेली तिथलं नोझल बंद. काळ्या रंगाच्या सहा पायऱ्या गायब. पुन्हा क्लीनिंग, आता चार गायब. तिसऱ्यांदा केलं तर सात! आणि तोवर शाईचा बार पाऊण भरलेला होता तो पावावर आला. एकही पान न छापता. क्लीनिंग म्हणजे काय तर प्रिंटर नोझलमधून शाई जोरात ओढून बाहेर टाकतो, ती कुठे जाते, तर आत खाली एक स्पंजासारखं पॅड असतं त्यात. आपण विकत घेतलेली शाई, आपल्याच प्रिंटरच्या पोटातल्या स्पंजात. आणि ते पॅड भरलं की प्रिंटर म्हणतो मी आता चालणार नाही, सर्व्हिसला न्या. माझ्या प्रिंटरने तेही त्याच आठवड्यात म्हटलं.

प्रूफ शेवटी सकाळी मैत्रिणीच्या ऑफिसात जाऊन तिच्या लेझरवर काढलं. २१२ पानं सात मिनिटांत. मी नुसती बघत उभी होते.

तर नवा प्रिंटर घ्यायचा. आणि मी तीच चूक केली जी सगळे करतात, म्हणजे दिसेल त्याला विचारत सुटले, प्रिंटर कुठला चांगला? दादा म्हणाला, इंक टँक घे, डोळे झाकून. त्याच्याकडे आहे, वहिनी शिकवण्या घेते, रोज वर्कशीट, चित्रं, रंगीत तक्ते, दोन वर्षांत बाटल्या दोनदा बदलल्या फक्त. मैत्रीण म्हणाली लेझरशिवाय दुसरं काही घेऊ नको. माझ्या लेकाचं म्हणणं फोटो निघाले पाहिजेत, त्याला त्याच्या फुटबॉलच्या टीमचा फोटो भिंतीवर लावायचाय. एका ओळखीच्या काकांनी तर डॉट मॅट्रिक्सची आठवण काढली, त्यांचं आयुष्य त्या करकर आवाजात गेलं. (हसू नका, तो अजून विकला जातो, कारण पिना शाईच्या रिबनवर आपटतात त्यामुळे खाली कार्बन कॉपीचे दोनतीन थर असले तरी एका फटक्यात सगळ्यांवर उमटतं, हे ना इंकजेटला जमतं ना लेझरला.)

गंमत म्हणजे यातलं कुणीच चुकीचं सांगत नव्हतं. प्रत्येक जण स्वतःच्या घरातला प्रिंटर मला सांगत होता. आणि माझ्या घरात नक्की काय छापलं जातं हे मलाच सांगता येत नव्हतं! दादाने विचारलं महिन्याला किती पानं होतात, तर मी म्हटलं असतील दोनशे. तो म्हणाला रंगीत किती, मी म्हटलं निम्मी असतील. सगळं हवेत.

म्हणून मी एक वही केली. लेकाची अर्धी कोरी राहिलेली शंभर पानी होती, ती टेबलावर ठेवली आणि सहा आठवडे, जे काही छापलं किंवा छापायला हवं होतं ते लिहिलं. तारीख, किती पानं, काळं की रंगीत, एका बाजूने की पाठपोट, स्कॅन काही केलं का. त्या काळात प्रत्यक्ष छपाई मैत्रिणीकडे आणि दादाकडे चालू होती, जुनं मशीन तर गेलंच होतं. कंटाळा आला, एकदोनदा विसरले, पण केलं.

सहा आठवड्यांनी बेरीज केली तर ८७४ पानं. म्हणजे महिन्याला सहाशेच्या आसपास, माझ्या अंदाजाच्या तिप्पट. रंगीत किती, तर ३९. निम्मी म्हणत होते मी! त्यातले फोटो पाच. पण वहीत खरी बघण्यासारखी गोष्ट ही नव्हतीच, ती होती तारखांचा रकाना. ४२ दिवसांत मी छापलं फक्त ११ दिवशी. तीन दिवशी तीन मोठी प्रूफं, २३६, ३१० आणि १८८, आणि बाकीची १४० पानं उरलेल्या आठ दिवसांत किरकोळ. आणि मधली सगळ्यात मोठी सुट्टी? सलग १६ दिवस काहीच नाही. म्हणजे माझं छापणं पावसासारखं आहे, पडला की धो धो, नाहीतर कोरडा ठणठणीत.

वहीतल्या त्या रकान्याने पुढचं बरंचसं ठरवलं, पण तेव्हा मला ते कळलं नव्हतं, तेव्हा मी अजून ब्रोशर वाचत होते.

आता थोडं यंत्राबद्दल, कारण ते समजल्याशिवाय मला काहीच ठरवता येईना. इंकजेटमध्ये शाई पातळ असते आणि ती केसापेक्षा बारीक भोकांतून कागदावर उडवली जाते. उडवायच्या दोन तऱ्हा. एकात शाई क्षणभर तापवतात, बुडबुडा होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. कॅननवाले सांगतात की १९७७ साली त्यांच्या एका संशोधकाचा तापलेला सोल्डरिंग आयर्न चुकून शाईच्या सिरिंजच्या सुईला लागला आणि सुईतून शाई उडाली, तिथून त्यांना ही कल्पना सुचली. दुसऱ्या तऱ्हेत वीज दिली की आकार बदलणारा स्फटिक शाई दाबतो, एप्सन ही वापरते. ग्राहक म्हणून आपल्याला यातलं काय बघायचं, तर हेड कुठे आहे. काही छोट्या कार्ट्रिजवाल्या मशीनमध्ये हेड कार्ट्रिजलाच चिकटलेलं असतं, म्हणजे कार्ट्रिज बदललं की हेडही नवं, नोझल तुंबायची भीती कमी पण कार्ट्रिज महाग आणि पानं कमी. बाकीच्यांत हेड मशीनमध्येच कायमचं, शाई स्वस्त पडते, पण हेड तुंबलं आणि क्लीनिंगने नाही सुटलं की दुरुस्तीचा खर्च ऐकून माणूस नवीन प्रिंटरच घेतो. माझं जुनं मशीन या दुसऱ्या जातीतलं होतं आणि वर त्याला छोटी कार्ट्रिजं, म्हणजे दोन्हीकडून मार.

इंक टँक म्हणजे हेच इंकजेट, फक्त कार्ट्रिजच्या जागी टाक्या आणि त्या बाटलीने भरायच्या. काळ्या शाईच्या एका बाटलीत मॉडेलप्रमाणे साडेचार हजारांपासून साडेसात हजारांपर्यंत पानं लिहिलेली असतात. माझ्या सहाशेच्या हिशोबाने एक बाटली सात महिने सहज. मी कागदावर आकडेमोड केली, पानामागचा खर्च काढला, आणि प्रामाणिकपणे सांगते, टँकच जिंकला. लेझर काही जवळपासही नव्हता. दादाला फोन करून सांगितलंसुद्धा की तुझंच ऐकतेय.

मग वहीकडे परत लक्ष गेलं. १६ दिवस.

दादाच्या प्रिंटरला दोन वर्षांत काही झालं नाही कारण वहिनी रोज सकाळी चार पानं काढते, रंगीत. शाई वाहती राहते. तोच प्रिंटर माझ्याकडे सोळा दिवस तसाच पडून राहिला असता तर नोझलच्या तोंडाशी शाई सुकायला लागली असती. हो, नवीन मशीन झाकण चांगलं लावतात, बंद करताना बटणाने बंद केलं (प्लगवरून नाही! बटणाने बंद केलं की हेड जागेवर जाऊन झाकलं जातं) तर बरेच दिवस टिकतात, आणि आठवड्याला एक रंगीत पान काढायची सवय ठेवली तर बहुतेकांना कधीच त्रास होत नाही. हे सगळं मला पटलं. फक्त मी स्वतःला ओळखते. तुळशीला पाणी घालायचा गजर लावावा लागतो मला, मी कुठली दर रविवारी प्रिंटरला फिरवायला नेतेय.

लेझरमध्ये शाईच नसते, सुकायला काही नाही. टोनर म्हणजे प्लास्टिक आणि रंगाची बारीक पूड. आत एक ड्रम असतो, त्यावर आधी विजेचा भार देतात, मग लेझरचा किरण जिथे अक्षर हवं तिथला भार बदलतो, तिथे पूड चिकटते, तिथून ती कागदावर उतरते, आणि शेवटी फ्यूजरच्या तापलेल्या रुळांतून कागद जातो, साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास, तिथे पूड वितळून कागदात बसते. म्हणून लेझरमधून आलेलं पान हाताला गरम लागतं. आणि हे मूळचं झेरॉक्सचंच तंत्र. चेस्टर कार्लसन नावाच्या माणसाने २२ ऑक्टोबर १९३८ ला न्यूयॉर्कमध्ये अशी पहिली प्रत काढली, नंतर त्याला नाव दिलं झेरोग्राफी, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ कोरडं लेखन. पुढे झेरॉक्स कंपनीतल्या गॅरी स्टार्कवेदरने १९७१ मध्ये कॉपियरला लेझर जोडून प्रिंटर केला. आपण रोज झेरॉक्स झेरॉक्स म्हणतो आणि त्या शब्दातच माझ्या प्रश्नाचं उत्तर होतं, कोरडं! सोळा दिवस काय, चार महिने बंद ठेवा, पूड पूडच राहते.

पण नुसत्या तर्कावर जायचं नव्हतं. मी माझ्याच कामातली चार पानं निवडली, अगदी बारीक टाइपातली तळटीपांची, ज्यात जोडाक्षरं खच्चून होती, त्यांची एक पीडीएफ केली आणि पेन ड्राइव्हवर घेऊन फिरले. तेच पान दादाच्या टँकवर, मैत्रिणीच्या लेझरवर, आणि एका ओळखीच्यांच्या रंगीत लेझरवर काढलं. कागदही मीच नेला, तोच ७५ जीएसएमचा साधा, कारण कागद बदलला की सगळी तुलना वाया. घरी आणून तिन्ही पानं शेजारी ठेवली आणि भिंग घेतलं.

टँकच्या पानावर नेहमीच्या अंतरावरून बघितलं तर काही खोट नाही. भिंगाखाली मात्र अक्षरांच्या कडांना बारीक केस फुटलेले, शाई कागदाच्या धाग्यांत थोडी पसरलेली. ६ पॉइंटच्या तळटीपेत 'निष्ठा' मधला ष्ठ आणि 'कष्ट' मधला ष्ट मला वेगळे ओळखता येईनात, आतली पोकळी बुजून गेली होती. ड्राफ्ट मोडवर, म्हणजे शाई वाचवून काढलेल्या पानात तर अनुस्वार आणि रफार फिक्के होऊन कुठे कुठे गायबच. आता मुद्रितशोधकाला अनुस्वार दिसला नाही तर ती चूक फाइलमधली की प्रिंटरमधली? मी 'अनुस्वार द्या' असं समासात लिहायचं आणि अक्षरजुळणी करणाऱ्याने डोक्याला हात लावायचा. लेझरच्या पानावर ष्ठचं पोट उघडं होतं, ठळक, कडा चाकूने कापल्यासारख्या. पॅकवर दोघांचेही डीपीआयचे, म्हणजे एका इंचात किती ठिपके त्याचे, आकडे मोठमोठे होते, टँकचा तर लेझरपेक्षा मोठा, ४८०० की काहीतरी, आणि लेझरचा साधा ६००. त्या आकड्यावर जाऊ नका एवढंच सांगते. साध्या कागदावर पातळ शाई पसरतेच, आकडा काही म्हणो. चांगल्या फोटो पेपरवर मात्र चित्र अगदी उलटं असतं, तिथे इंकजेटच्या पुढे लेझरची डाळ शिजत नाही.

दुसरी परीक्षा, ओलं बोट. आणि पिवळा हायलायटर. दादाच्या प्रिंटरची काळी शाई डाय प्रकारची निघाली, म्हणजे रंग पाण्यात विरघळलेला, हायलायटर फिरवला की काळी शेपटी. पिगमेंट शाई असेल, म्हणजे रंगाचे कण तरंगत असलेली, तर ती बऱ्यापैकी टिकते, आणि बऱ्याच टँकमध्ये काळी पिगमेंट आणि बाकी रंग डाय असं असतं, तेव्हा टँक घेणाऱ्यांनी हे आधी बघाच. लेझरवर बोट फिरवलं, काही नाही. चहाचा कप ठेवला, डाग पडला पण अक्षर हललं नाही.

रंगीत लेझरचं पान बघून मात्र मी जरा पाघळले होते. एकाच मशीनमध्ये सगळं! पण त्यात टोनर चार, तेही प्रत्येक वेगळा संपणार, मशीन एवढं मोठं आणि जड की माझं टेबल बदलावं लागलं असतं, आणि वही सांगत होती ८७४ मध्ये रंगीत ३९. तेवढ्यासाठी चार टोनर पोसायचे? लेकाच्या फोटोसाठी तो तसाही कामाचा नव्हता, रंगीत लेझरवर फोटो म्हणजे मासिकातल्या चित्रासारखा येतो, ठीक, पण भिंतीवर लावावा असा नाही.

म्हणजे काळापांढरा लेझर. इथवर आल्यावर उरलेलं सोपं असेल असं वाटलं होतं.

पानांच्या आकड्यांनी पुन्हा घोळ घातला. टोनरवर लिहिलेली पानं आयएसओच्या ठरलेल्या चाचणीने मोजलेली असतात, त्यात पानाचा सुमारे ५ टक्के भागच काळा होईल असा मजकूर धरतात. साधं पत्र समजा. माझी प्रूफं म्हणजे खच्चून भरलेली पानं, वर आपली प्रत्येक शब्दावरची शिरोरेषा, तेव्हा मी सरळ पंधरा टक्के कमी धरून चालले. इंकजेटच्या चाचणीत पानं सलग छापतात, त्यामुळे मधे मधे क्लीनिंगला जाणारी शाई त्या आकड्यात दिसतच नाही. शिवाय नवीन टँकमध्ये पहिली शाई नळ्या भरायला जाते, म्हणून पहिल्या बाटल्या कमी पानं देतात. आणि लेझरच्या खोक्यात येणारा टोनर हा बरेचदा स्टार्टर असतो, निम्मा किंवा त्याहून कमी भरलेला. मी जे मॉडेल बघत होते त्यात स्टार्टर ७०० पानांचा आणि विकत मिळणारा ३००० चा. म्हणजे खोक्यातला मला जेमतेम महिना पुरणार, मग मी तो पहिला टोनर प्रिंटरच्या किमतीतच धरला. तुम्हीही धरा, नाहीतर महिन्याभरात फसवल्यासारखं वाटतं.

ड्रम वेगळा की टोनरला जोडलेला हेही तेव्हाच कळलं. जोडलेला असला की बदलायला सोपं, दर वेळी सगळं नवं, पण टोनर महाग. वेगळा असला की टोनर स्वस्त आणि ड्रम साधारण १२,००० पानांनी वेगळा घ्यायचा. माझ्या हिशोबाने तो वीसेक महिने. मी वेगळा निवडला. महिन्याला पाचपंचवीस पानं काढणाऱ्याला जोडलेलाच बरा पडेल, त्याचा पहिला ड्रमच कधी संपायचा नाही. आणि हो, ब्रोशरमध्ये मंथली ड्यूटी सायकल म्हणून १०,०००, १५,००० असा दणदणीत आकडा असतो तो बघून भुलू नका, तो मशीनची कमाल सहनशक्ती सांगतो. खाली बारीक अक्षरात सुचवलेली मासिक पानं असतात, ती बघायची, माझ्यात ती २५० ते २००० होती. बसले मी मधे.

स्कॅनरबद्दल मी आधी विचारच केला नव्हता. तोही वहीने करायला लावला, कारण सहा आठवड्यांत मी लाल खुणा केलेली पानं १४० वेळा स्कॅन करून पाठवली होती, आणि ती दादाच्या प्रिंटरवर एकेक करून, झाकण उघड, पान ठेव, झाकण लाव, थांब, झाकण उघड. वहिनी शेवटी म्हणाली, ताई तुम्ही इथेच राहायला या. म्हणून एडीएफ हवा होता, वर पानांचा गठ्ठा ठेवला की स्वतः ओढून घेतो तो. प्रूफं सोडून बाकीच्या छपाईला पाठपोट छापणारा डुप्लेक्स हवाच होता, कागद निम्मा. पण इथे एक बारीक गोम आहे, डुप्लेक्स लिहिलेलं असतं ते छपाईचं, एडीएफ पाठपोट स्कॅन करतोच असं नाही! मी हे विचारून घेतलं म्हणून वाचले, आणि शेवटी एकाच बाजूने स्कॅन करणाराच घेतला, कारण मी खुणा नेहमी एकाच बाजूला छापलेल्या प्रूफवर करते आणि दोन्ही बाजू वाचणारा फारच वरच्या रेंजमध्ये जात होता. फॅक्स नको होता पण तो आलाच, एडीएफवाल्यांना चिकटून येतो बरेचदा. असू दे बिचारा.

तर मशीन घरी आलं. पहिल्या दिवशी दोन घोळ झाले आणि दोन्ही माझेच. मी हौसेने ते कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसमध्ये लावलं. लेझरचा फ्यूजर तापताना एकदम काहीशे वॉट ओढतो, इंकजेटचं काम दहावीस वॉटमध्ये भागतं. प्रिंट दिली, यूपीएस किंचाळलं, कॉम्प्युटरसकट सगळं बंद. लेझर सरळ भिंतीच्या सॉकेटला लावायचा, हे माहितीपुस्तिकेत पहिल्याच काही पानांत लिहिलेलं होतं, जी मी वाचली नव्हती. दुसरा घोळ वायफायचा, तासभर प्रिंटरला घरचं नेटवर्क दिसेचना. तो फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि लेकाने राउटरवर मध्यंतरी काहीतरी करून फक्त ५ गिगाहर्ट्झ चालू ठेवलं होतं, गेमसाठी. ते जमल्यावर फोनवरून वगैरे सगळं लगेच चाललं, काही वेगळं टाकावं लागलं नाही.

स्टार्टर टोनर ७०० चा होता, तो ६१० पानांवर फिका पडला. काढून आडवा धरून हलक्या हाताने पाचसहा वेळा हलवला तर अजून चाळीसेक पानं दिली त्याने. हे करताना थोडी पूड ओढणीवर सांडली. मी गरम पाण्याने धुवायला निघाले होते, बरं झालं मैत्रिणीला फोन केला, गरम पाण्याने ती पूड मऊ होऊन कपड्यात बसते. आधी झटकायची, मग थंड पाणी. आणि फुंकर मारायची नाही, ती नाकात जाते. रिकाम्या टोनरच्या जागी दुसऱ्या कंपनीचा स्वस्त टाकावा का हाही मोह झाला, अजून टाकलेला नाही. मैत्रिणीच्या ऑफिसात एकाने आतून सगळं काळं केलं होतं, दुसरा मात्र मस्त चाललाय, म्हणजे जुगारच तो. वॉरंटी संपली की बघेन.

आता वर्ष होत आलं. परवा स्टेटस पेज काढलं त्यात एकूण पानं ६,९४२ आलीत, जॅम चार वेळा. मधे एकदा मी पंचवीस दिवस घरात नव्हते, आल्या आल्या २८० पानं काढली, पहिल्या पानापासून शिरोरेषा जिथल्या तिथे.

रंगीतचं काय, तर ते दादाकडे. लेकाचे नकाशे, प्रोजेक्टची मुखपृष्ठं, टीमचा तो फोटोसुद्धा त्याच्याच टँकवर ग्लॉसी पेपरवर निघाला आणि खरंच सुरेख आला, भिंतीवर आहे. मी पीडीएफ पाठवते, दादा संध्याकाळी येताना पानं घेऊन येतो. आणि त्याच्या शंभर पानांच्या वरच्या प्रती माझ्याकडे येतात, वहिनीच्या परीक्षेच्या वेळी तर गठ्ठेच. गेल्या आठवड्यात नकाशे देताना म्हणाला, "तुला म्हटलं होतं ना टँक घे म्हणून." मी त्याच्या हातात वहिनीचे पाठपोट काढलेले १६० कागद ठेवले, अजून कोमट होते.